मला खोटं सोसत नाही

आमच्या घरात हे वाक्य तिघींनी म्हटलं. मोठ्या काकीनं म्हटलं तेव्हा तिला सोन्याची हाव सुटली असं ठरलं. आत्यानं म्हटलं तेव्हा तिला शहरात राहून शहराची रीत जमत नाही असं ठरलं. मी म्हटलं तेव्हा पुण्याला शिकायला गेल्यापासून पोरीला नखरे सुचायला लागले, असं. तिघीही अक्षरशः खरं बोलत होतो. ते घराला पटायला चाळीसेक वर्षं गेली, आणि पटलं तेही 2025 च्या रामनवमीला, दुपारी जेवणं आटोपल्यावर, कापसाच्या बोळ्यावर.

घर आमचं तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीत. तालुक्याला आता कागदोपत्री राजगड म्हणतात, पण तोंडात अजून वेल्हंच येतं. या मुलखात सोनं सापडल्याची एकच गोष्ट सांगतात. शिवाजी महाराजांनी तोरणा घेतला, डागडुजी करताना धन सापडलं, आणि ते राजगड बांधायला खर्ची पडलं. गोष्ट सांगून झाली की आजी म्हणायची, "आपल्या हितलं सोनं असंच. निघतंय, आन् लगेच खर्ची पडतंय." घरच्या सोन्याचाही तोच इतिहास आहे, फक्त त्यातून किल्ला उभा राहिला नाही.

भोरच्या राजवाड्यातला रामजन्म बघायचा आणि मग ताईकडं जेवायचं, हा आम्हा बहिणींचा नेम. ताई ही मोठ्या काकीची मुलगी. भोरातच असते, अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. ते तिचं नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. वाडीतल्या घराचे पत्रे काढून स्लॅब टाकायचं काम निघालं होतं म्हणून काकीही लेकीकडं आली होती. येताना माळ्यावरून निघालेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा तिनं पिशवीत घालून आणला होता. त्यात काय आहे हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी विचारलं नव्हतं.

ताईच्या सुनेनं सणाचं म्हणून नवी 'वन ग्रॅम'ची ठुशी आठवडाभर घातलेलीच होती. वाढताना तिचं बोट सारखं मानेशी जात होतं. काकी ब्याऐंशीची. तिला ताटातला भात आणि ताक वेगळं दिसत नाही, पण हे दिसलं. "काढ गं ती," ती म्हणाली. "राती आग व्हईल."

सुनेनं ठुशी काढली. गळ्याखाली लाल पट्टा होता, बारीक पुरळ उठलेलं. ताई आत गेली आणि दोन बाटल्या घेऊन आली. सुनेची मान आठवडाभर बघत होते, म्हणून कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आणून ठेवल्या, म्हणाली. एका बाटलीत अमोनिया. दुसरीत स्पिरिटात विरघळवलेलं डायमिथाइल ग्लायॉक्सिम. नाव दाताखाली अडकतं म्हणून पोरं डीएमजी म्हणतात. कान कोरायच्या कापूसकाडीवर दोन्हींचे दोन-दोन थेंब टाकले आणि ठुशीच्या मागच्या बाजूला अर्धा मिनिट घासली. अमोनियाचा वास खोलीभर झाला. काकीनं नाकाला पदर लावला. "नवसागर जाळला का काय?"

कापूस गुलाबी झाला. गुलाबी कसला, लग्नातल्या शालूचा राणी रंग.

"निकेल," ताई म्हणाली.

मग तिनं वर्गात सांगावं तसं सांगितलं, आणि आम्ही पन्नाशी ओलांडलेल्या बायका पुढच्या बाकावरच्या मुलींसारख्या ऐकत बसलो. आत पितळ. त्यावर तांब्याचा हात. त्यावर निकेल. आणि सगळ्यात वर सोन्याचं पाणी. निकेल दोन कामांसाठी घालतात. त्यानं आरशासारखी चकाकी येते, आणि खालचं तांबं हळूहळू वर सोन्यात झिरपून ते काळपट करतं, त्याला मध्ये भिंत लागते. सोनं किती, तर स्वस्त मुलाम्यात मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. म्हणजे एका केसाच्या जाडीत अशी सातशे पाणी बसतील. 'वन ग्रॅम' म्हणजे माळेत ग्रॅमभर सोनं असतं, अशी सुनेची समजूत होती. ताईनं तिथंच कॅलेंडरच्या मागं हिशेब मांडला. ठुशीचा सगळा पृष्ठभाग साठ चौरस सेंटीमीटर धरला तर सोनं भरतं बारा मिलिग्रॅम. ग्रॅमचा ऐंशीवा भागही पुरता नाही. सून काही बोलली नाही. तिनं ठुशीची किंमत तेवढी मनात आठवली असावी.

एवढ्या पातळ थराला बारीक छिद्रं असतातच. घाम खारट असतो, थोडा आंबटही. तो छिद्रांतून खाली उतरतो, निकेल विरघळवतो आणि कातडीत नेऊन पोचवतो. म्हणजे वरचं सोनं उडायची वाट बघायला लागत नाही. आपल्याकडं खोटे दागिने घालायचा हंगाम कुठला, तर लगीनसराईचा, चैत्र-वैशाखाचा. घामाचाही तोच.

काकीनं आपला डबा पुढं सरकवला. "ह्ये बी बघ."

पहिलं निघालं तिचं डोरलं. त्याला मी लहानपणापासून घरात एकाच नावानं ओळखलेलं आहे, 'मोरारजी'. काकीचं लग्न 1963 च्या वैशाखातलं. आदल्या वर्षी चीनचं युद्ध झालं, गावोगाव संरक्षण निधी जमा झाला; आजीनं हातातली एक पाटली काढून दिली आणि ते ती मरेपर्यंत सांगत राहिली. युद्ध संपलं आणि जानेवारी 1963 मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाईंचा सुवर्ण नियंत्रणाचा हुकूम आला. नवा दागिना करायचा तर चौदा कॅरेटच्या वर नाही. चौदा कॅरेट म्हणजे शंभरात अठ्ठावन्न भाग सोनं, बाकी तांबं-रुपं. देशभर सोनारांच्या भट्ट्या थंडावल्या, कितीजणांनी धंदाच सोडला. भोरच्या पेठेतल्या सोनारानं काकीचं डोरलं घडवताना आजोबांना म्हणे सांगितलं, पाटील, हे मी करतोय पण माझं नाव सांगू नका. सोनं तेव्हा तोळ्याला शंभराच्या आसपास होतं. ऐपत होती आणि परवानगी नव्हती. चौदा कॅरेटची अट काही वर्षांतच सुटली, पण कायदा 1968 साली पक्का झाला आणि 1990 पर्यंत राहिला. तो रद्द केला मधु दंडवत्यांनी. तोवर परवानगी आली होती आणि ऐपत गेली होती.

डोरल्यावरचा कापूस पांढराच राहिला. सोन्यात तांबं होतं, रुपं होतं, निकेल नव्हतं. ज्या दागिन्याला घरानं तीस वर्षं हसून घेतलं, त्यानं काकीच्या गळ्याला कधी ओरखडा काढला नाही.

ऐपत गेली कशी, ते आमच्या वयाच्या या मुलखातल्या कुणालाही सांगायला नको. मोठे काका मुंबईला गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, डॉक्टर दत्ता सामंतांचं नाव आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांनाही पाठ झालं, आणि आवणीपर्यंत मिटेल म्हणणारे काका दुसरी आवणी आली तरी चिखलात आमच्याबरोबर उभे होते. आम्हा पोरांना मजा वाटायची, काका घरी आहेत. मुंबईचा खाऊ बंद झाला एवढंच खटकायचं. सोनं सोळाशे-सतराशे रुपये तोळा. काकीची बोरमाळ आधी गेली, मग पाटल्या, मग ताईच्या कानातले वेल. कानाची भोकं बुजू नयेत म्हणून ताईनं दोन वर्षं कानात कडुनिंबाची काडी घातली. वर्गातल्या मुली हसायच्या. आज ती सांगते की त्या काडीइतकं निर्धोक कर्णभूषण नाही.

त्यावरून आठवलं. सोनारानं कान टोचले की दुखत नाही, असं आपण म्हणतो; सांगणं योग्य माणसाच्या तोंडून यावं, या अर्थानं. पण म्हणीचा साधा अर्थही खरा आहे. आम्हा सगळ्यांचे कान बाराव्या दिवशी सोनारानंच टोचले, बारीक सोन्याच्या तारेनं, आणि ती तार जखम भरेपर्यंत कानात राहिली. निकेलचं वावडं बहुतेकदा सुरू होतं ते कान टोचण्यापासून. ओल्या जखमेतून धातू थेट आत जातो आणि शरीर त्याला शत्रू म्हणून ओळखून ठेवतं. पोटाला चिमटा घेऊन सोन्याच्या तारेचा हट्ट धरणाऱ्या आमच्या आज्या-पणज्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. केलं मात्र बरोबर.

डब्यातली दुसरी वस्तू 1983 ची ठुशी. हिच्यावर कापूस नुसता टेकवला तरी रंगला.

त्या वैशाखात धाकट्या काकांचं लग्न होतं. थोरली जाऊ गळ्यात नुसतं डोरलं घालून वरमायांमध्ये उभी राहणार, म्हणजे घराची शोभा जाणार. मोठ्या काकांनी कुणाकडून तरी मुंबईहून ठुशी मागवली. पिवळीधमक. हळदीपासून सोळाव्या-सतराव्या दिवसापर्यंत काकी ती घालून राबली. चुलीपुढं, मांडवात, विहिरीवर. तिसऱ्या दिवशी गळ्याला आग सुटली. आता कळतं की हे वावडं असंच उशिरा येतं, दीड-दोन दिवसांनी, कधी तिसऱ्या दिवशी. म्हणून आळ भलत्यावरच जातो. काकीच्या बाबतीत तो वांग्यावर गेला. लग्नातलं वांगं बाधलं, असं सगळ्यांनी ठरवलं. वांगं बंद झालं, ठुशी चालूच राहिली, कारण अजून पूजा व्हायची होती आणि नवरीच्या माहेरचे यायचे होते.

भाटघरचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की कांबऱ्याचं महादेवाचं देऊळ वर दिसायला लागतं. ठुशीचं पाणी त्याच महिन्यात उतरलं आणि आतलं पांढुरकं काहीतरी वर आलं. गळ्याभोवती चट्टा ओला झाला, मग खपली धरली, मग काळा पडला. माळ काढली तरी माळेची खूण गळ्यात. वरंध घाटातून महाडकडची बाई आमसुलाचं तेल घेऊन यायची, ते चोळलं. कडुनिंबाचा पाला उकळून धुतलं. कुणीतरी नायटा म्हणालं, आणि तिथून काकीचा टॉवेल वेगळा झाला, अंथरूण वेगळं झालं. आम्हा पोरांना तिच्या कुशीत झोपायची मनाई झाली. बाजारातून एक मलमाची नळी आणली. चार दिवसांत जादू झाल्यासारखं वाटलं, नळी संपली की दुप्पट. ती नळी पुढं वर्षभर येत राहिली आणि काकीच्या गळ्याची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली. आजही तशीच आहे.

काकी एकदाच बोलली. चुलीपाशी, आजीसमोर. "मला न्हाय सोसत खोटं."

आजी म्हणाली, "आमी बी मुलाम्याचं घातलं. आमाला न्हाय काय झालं. सोसाया शिकावं बाईनं."

हे वाक्य मी चाळीस वर्षं आजीच्या खात्यावर वाईट म्हणून मांडून ठेवलं होतं. रामनवमीच्या दुपारी ते थोडं खोडावं लागलं. कारण डब्यात तळाशी, फडक्यात गुंडाळलेली, आजीची पुतळ्यांची माळ होती. सोन्याची नव्हे, रुप्यावर सोन्याचा मुलामा. तिच्या आईच्या वेळची. त्या काळी सोनार पाऱ्यात सोनं कालवून रुप्यावर लेप द्यायचा आणि आगीवर पारा उडवून लावायचा. सोनं रुप्याला धरून बसायचं. तो वाफारा सोनाराच्या छातीत जायचा, ती वेगळीच कहाणी. पण माळेत निकेलचा कण नव्हता. ताईनं पुतळ्या उलट्यासुलट्या करून तीन वेळा कापूस घासला. पांढरा. आजी खोटं बोलत नव्हती. तिनंही मुलाम्याचंच घातलं होतं आणि तिला खरंच काही झालं नव्हतं. शब्द एकच राहिला आणि शब्दाच्या आतला धातू मधल्या पन्नास वर्षांत बदलला, हे तिला कोण सांगणार होतं? विजेच्या हौदातला मुलामा इंग्लंडात 1840 पासून होता. आमच्या गळ्यापर्यंत यायला त्याला मालाड, राजकोट आणि मछलीपट्टणमच्या चिलकलपुडीवरून वळसा पडला इतकंच.

तरी "सोसाया शिकावं" हे मी खोडलेलं नाही.

आत्याचं प्रकरण धातूचं नाही, पण डबा उघडला की तीही आठवतेच. ती पुण्यात दिली होती. मेणावर कुंकू लावायची सवय; शेजारणींचं बघून टिकल्या लावायला लागली. तिच्या भाषेत ते खोटं कुंकू. वर्षभरात कपाळावर टिकलीएवढाच पांढरा डाग उठला. खोटं कुंकू मला सोसत नाही, ती म्हणाली, तेव्हा सगळे हसले. डाग पसरला तेव्हा हसायचे थांबले, कारण तिची मुलगी लग्नाची होती आणि घराण्यात कोड आहे अशी कुजबुज सुरू झाली. दोन स्थळं चहा पिऊन गेली ती परत आली नाहीत. कोड नव्हतं ते. टिकलीच्या डिंकात पॅरा-टर्शरी-ब्यूटिल फिनॉल नावाचं रसायन असायचं, ते कातडीचा रंग करणाऱ्या पेशी मारतं. हे भारतातल्या त्वचेच्या डॉक्टरांना चांगलं परिचयाचं आहे. आत्या पुन्हा मेणावर आली. मुलीचं लग्न झालं, दोन वर्षं उशिरा.

माझ्या कानातले टॉप्सही डब्यात निघाले. ते काकीनं का ठेवले होते देव जाणे. कॉलेजात असताना बारा रुपयांना घेतलेले, पांढऱ्या खड्यांचे. कान पिकायचे, चिकट पाणी यायचं, सकाळी उशीला चिकटलेले असायचे. मैत्रिणीनं दांडीला नखांचं पारदर्शक पॉलिश लावायला शिकवलं होतं. दोन दिवस निभायचं. पुढं नोकरीला लागल्यावर स्वतःच्या पैशानं त्वचेच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी पाठीवर चिकटपट्टीच्या ओळी लावल्या, प्रत्येक चौकोनाखाली वेगळं रसायन, दोन दिवस आंघोळ नाही. उघडल्यावर बाकी पाठ साफ होती आणि एक चौकोन फुगून लाल. तो निकेल सल्फेटचा. डॉक्टर म्हणाले, हे आता जन्मभराचं. मग माझ्या हाताकडं बघून म्हणाले, आणि ते काय लटकवलंय?

बांगडीत अडकवलेल्या सेफ्टी पिना. आपल्याकडची कुठली बाई पिनांशिवाय फिरते? बांगडीत तीन, मंगळसूत्रात एक, परकराच्या नाडीशी एक. सगळ्या निकेलचं पाणी दिलेल्या. ब्लाउजचे हुकही तसलेच. मनगटाला दहा वर्षं येणारी खाज मी साबणाच्या नावावर मांडत होते.

घरी येऊन सांगितलं, मला खोटं सोसत नाही, डॉक्टरांनी लिहून दिलंय. नखरे म्हणाले ते तेव्हाच. पण लोक काय म्हणाले ते सोडा. माझ्या हातात निदानाचा कागद होता, समोर काकी बसली होती, तिच्या गळ्यात काळा पट्टा होता, आणि दोन्ही गोष्टी जोडाव्यात असं मला सुचलं नाही. तिचं 'नायटा' म्हणून ठरून गेलं होतं आणि घरात एकदा ठरलेलं मी, शिकलेली असून, तपासलं नाही.

त्या दुपारी मग सगळ्यांना चेवच चढला. पिनांचा झुबका, गुलाबी. जुन्या घड्याळाचा पट्टा, गुलाबी. धाकटे काका एसटीत कंडक्टर होते; त्यांच्या बोटांना कायम भेगा असायच्या आणि आम्ही ते तंबाखूच्या चुन्यावर ढकलायचो. डब्यात त्यांनी ठेवलेली जुनी पावली निघाली, निकेलच्या काळातली. घासली, गुलाबी. म्हणून भेगा त्यानंच, असं म्हणणार नाही. चुनाही ते भरपूर खायचे. स्वयंपाकघरातून स्टीलचा पेला आणला. स्टीलमध्ये शंभरात आठेक भाग निकेल असू शकतं, हे ऐकून सून घाबरली होती. पांढरा. क्रोमियमचा न दिसणारा पापुद्रा निकेलला आत धरून ठेवतो. म्हणजे निकेल असणं हा गुन्हा नाही, सुटणं हा आहे. युरोपनं नेमकं तेच मोजायचं ठरवलं. डेन्मार्कनं आधी, 1990 च्या सुमाराला; मग 1994 मध्ये युरोपीय संघानं नियम केला की अंगाला सतत लागणाऱ्या वस्तूतून एका चौरस सेंटीमीटरमागं आठवड्याला अर्ध्या मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये. त्यानंतर तिथल्या तरुण मुलींमधलं वावडं उतरणीला लागलं. आपल्याकडं 2021 पासून हॉलमार्क सक्तीचा झाला, चांगलं झालं. पण हॉलमार्क सोन्याचा कस सांगतो. मुलाम्याखाली काय दडलंय ते तो सांगत नाही, आणि मुलाम्याचं घालणाऱ्या बायकाही कमी नाहीत.

काकी इतका वेळ अमोनियाच्या वासातच अडकली होती. कल्हईवाला यायचा अंगणात, म्हणाली. भाता लावायचा, पातेलं लाल तापवायचा, नवसागराची चिमूट टाकली की असाच वास, मग कथलाची काडी फिरवून फडक्यानं पुसलं की पातेलं चांदीचं. कल्हई उडालेल्या पितळेत ताक ठेवलं तर कळकतं. चिंचेचं सार कळकतं. घरातली सात वर्षांची पोरसुद्धा ते ठेवायची नाही. दोन वर्षांनी कल्हई उडाली की आजी स्वतः भांडं बाजूला काढायची. तेव्हा कुणी भांड्याला सोसायला सांगितलं नाही.

"मग माजी मान कळकली व्हती म्हंजी," काकी म्हणाली.

ताईनं तोंडावर हात ठेवला. तीस वर्षं ती विद्यार्थ्यांना आयन, विद्राव्यता, गंज शिकवत होती आणि नेमका शब्द तिच्या आईकडं होता. आंबट ताक पितळेतलं तांबं विरघळवतं, खारट घाम ठुशीतलं निकेल विरघळवतो, क्रिया तीच. फरक एवढाच की ताकाची चव सगळ्यांसाठीच बिघडते, आणि निकेलचं वावडं ज्याच्या त्याच्या अंगात असतं किंवा नसतं. शेजारणीला काही होत नाही म्हणून हिचं सोंग ठरतं.

सुनेला काय करायचं ते ताईनं सांगून टाकलं. ठुशी कुणाला देऊ नकोस, मोडीत टाक. हौस असेल तर रुप्यावरचा मुलामा घे, विचारून घे, खाली निकेलचा थर आहे का. पिना बांगडीत लावू नकोस, पर्समध्ये ठेव. मान बरी होईल, पण वावडं जाणार नाही, आणि मलमाची नळी डॉक्टरला विचारल्याशिवाय लावायची नाही. सून डबा आवरायला लागली. गुलाबी झालेल्या कापूसकाड्या वर्तमानपत्रावर ओळीनं पडल्या होत्या, सात.

काकीनं त्यातली एक उचलून डोळ्यांजवळ नेली. रंग तिला दिसला.

"ह्ये औशीद नवीनच निघालं आसंल," ती म्हणाली. "तवा नसंल."

कुणीच उत्तर देईना. मग ताईनंच दिलं. निकेल ओळखायची ही खूण लेव्ह चुगाएव्ह नावाच्या रशियन रसायनशास्त्रज्ञानं 1905 साली शोधली, काकीच्या जन्माच्या अडतीस वर्षं आधी. आणि ती बाटली ताईच्या प्रयोगशाळेच्या कपाटात, डावीकडून तिसऱ्या खणात, ती नोकरीला लागली त्या दिवसापासून होती.